शरणपूरची माणसं

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार बाजाराच्या गाळ्यांमधून जाताना लवंगेचं पोतं दिसायच्या आधी तिचा वास येतो. आपल्याकडे केरळ-तमिळनाडूत लवंग पिकते, पण देशाची गरज तेवढ्यावर भागत नाही. बरीचशी लवंग आजही हिंदी महासागराच्या पलीकडून, मादागास्कर, कोमोरो, झांझिबार अशा बेटांवरून येते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ती मुंबई बंदरात उतरायची, तेव्हा झांझिबार आणि पेंबा ही दोन बेटं लवंगेची जगातली मोठी आगरं होती आणि ती खुडणारे हात गुलामांचे होते. कळी उमलायच्या आत हाताने तोडायची, देठ वेगळा करायचा, चटईवर पसरून उन्हात काळी होईपर्यंत वाळवायची. या कामाला माणसं हवीत म्हणून न्यासा सरोवराच्या बाजूची गावं लुटली जात. धरलेली माणसं मानेला लाकडी जोखड अडकवून किल्वा बंदरापर्यंत पायी चालवत आणत आणि तिथून गलबतात कोंबून झांझिबारच्या बाजारात उभी करत.

यात आपला हात नव्हता असं म्हणायची सोय नाही. झांझिबारच्या सुलतानाचा जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता आणि लवंगेच्या बागांना लागणारं भांडवल बऱ्याच अंशी मुंबई-कच्छच्या सावकारांचं होतं. १८६० च्या सुमारास तिथला ब्रिटिश वकील क्रिस्टोफर रिग्बी याने हिंदी व्यापाऱ्यांच्या ताब्यातले गुलाम सोडवायला सुरुवात केली आणि सुटलेल्यांची संख्या हजारांत गेली. इकडे पुण्यात तरी काय होतं? पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकल्या जात, बक्षीस दिल्या जात, सरकारी कोठ्यांत त्यांच्याकडून दळणकांडण करून घेतलं जाई. कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेतला तो १८४३ च्या पाचव्या कायद्याने.

अमेरिकेतून पळालेल्या गुलामांच्या कथा आपल्या वाचकाला परक्या नाहीत. १८४९ मध्ये मेरीलँडमधून निसटलेली हॅरिएट टबमन पुन्हा पुन्हा मागे जाऊन सुमारे सत्तर जणांना सोडवून आणते. १८५० च्या कायद्यामुळे पळालेल्याला आसरा देणंच गुन्हा ठरतो आणि मग कॅनडापर्यंत जावं लागतं. हा इतिहास जोतीराव फुल्यांच्या मनात किती खोल रुजला होता ते ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका सांगते. १ जून १८७३ चं हे पुस्तक पुण्याच्या माणसाने अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढलेल्या लोकांना अर्पण केलं. पण त्याच महिन्यात, त्याच लढ्यातली दुसरी एक गोष्ट आफ्रिकेच्या पोटात पायी चालत होती. तिच्यातली काही माणसं नाशिकहून गेलेली होती. ती गोष्ट आपण विसरलो.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गुलामाला पळायला कॅनडा नव्हता. मागे लुटलेलं गाव, पुढे समुद्र. सुटका व्हायची ती बहुधा समुद्रात, तीही नशिबाने. ब्रिटिश आरमाराच्या गस्ती जहाजाने एखादं गलबत गाठलं, तर आतली माणसं मोकळी. मोकळी म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न. त्यांना परत नेऊन सोडलं तर ती महिन्याभरात पुन्हा विकली जाणार. म्हणून कुणाला एडनला उतरवत, कुणाला मुंबईला. मुंबईत मोठी माणसं गोदीत, जहाजांवर, घरकामाला लागत. लहान मुलांचं काय करायचं, हे कोडं सरकारने मिशनऱ्यांच्या गळ्यात टाकलं.

नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात शरणपूर नावाची वसाहत उभी केली होती. आज नाशिककर शरणपूर रोडवरून रोज जातात येतात, नाव तेच. तिथे मुळात इथल्याच अनाथ आणि बाटलेल्या लोकांची वस्ती, शाळा आणि कारखाना होता. सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवत. १८६० च्या आसपास गलबतांवरून सुटलेली आफ्रिकन मुलंमुली तिथे येऊ लागली. बहुतेक याओ आणि न्यासाकाठच्या इतर जमातींची. त्यांच्या कानावर मराठी, हिंदुस्तानी पडायची, शाळेत इंग्रजी. आई-बापांनी ठेवलेली नावं मागे पडली आणि मिशनऱ्यांची आडनावं चिकटली. शाळाप्रमुख प्राइस, म्हणून एक मुलगा सायमन प्राइस. आयझेनबर्ग नावाचे मिशनरी, म्हणून एक रिचर्ड आयझेनबर्ग. चेंग्विंबे नावाचा एक पोरगा तिथे मॅथ्यू वेलिंग्टन झाला. गुलामाचं नाव मालक बदलतो. इथे सोडवणाऱ्यांनीही तेच केलं. चांगल्या मनाने केलं असेल, पण ते मला खटकतं.

याच सुमारास मुंबईत आणखी दोन मुलं आली. चुमा आणि विकातानी. १८६१ मध्ये शिरे नदीच्या खोऱ्यात गुलामांचा एक तांडा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि बिशप मॅकेंझी यांच्या वाटेत आला आणि पहारेकरी पळून गेले. जोखडं कापून सोडलेल्यांत ही दोघं होती. १८६४ मध्ये लिव्हिंग्स्टनने ‘लेडी न्यासा’ ही नदीत चालवायची छोटी आगबोट थेट हिंदी महासागरात घातली आणि पंचेचाळीस दिवसांत मुंबई गाठली. बोट विकायची होती. पोरांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं आणि स्वतः विलायतेला गेला.

अमेरिकेतलं यादवी युद्ध या सगळ्यात कसं गुंतलं आहे पाहा. दक्षिणेतल्या गुलामांनी पिकवलेला कापूस युद्धामुळे अडकला, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरबाजार फुगला, बँका उगवल्या, १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. ‘लेडी न्यासा’ विकून आलेले २,३०० पौंड लिव्हिंग्स्टनने मुंबईच्या बँकेत ठेवले होते, ते बुडाले. त्याचा मुलगा रॉबर्ट त्याच युद्धात उत्तरेच्या फौजेत खोट्या नावाने भरती झाला होता. तो शत्रूच्या हाती सापडला आणि डिसेंबर १८६४ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या कैदेत मेला.

१८६५ च्या सप्टेंबरात लिव्हिंग्स्टन पुन्हा मुंबईत आला तेव्हा इथे गव्हर्नर होते सर बार्टल फ्रियर. पुण्यातल्या गणेशखिंडीचा तो प्रचंड बंगला, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, त्यांच्याच काळात उभी राहत होती. फ्रियरच्या सल्ल्याने लिव्हिंग्स्टन नाशिकला गेला, शाळा पाहिली आणि तिथून नऊ जण आफ्रिकेतल्या मोहिमेसाठी घेतले. १८६६ च्या जानेवारीत ही मंडळी मुंबईहून निघाली. सोबत मुंबईच्या मरीन पलटणीचे शिपाई, उंट आणि म्हशीही होत्या. त्सेत्से माशीचा जनावरांवर काय परिणाम होतो ते त्याला पाहायचं होतं. शिपायांना लवकरच परत पाठवलं, जनावरं मेली.

नाशिकच्या पोरांसाठी हा प्रवास साहेबाला वाटत होता त्याहून फार वेगळा होता. ज्या वाटेने त्यांना बांधून समुद्राकडे आणलं, तीच वाट ते उलटी चालत होते. १८६६ च्या जुलैत याओंच्या मुलखात, मताका या सरदाराच्या गावाजवळ, अब्राहम नावाच्या नाशिककराला एका माणसाने हाक मारली. तो त्याचा मामा निघाला. मामाने सांगितलं, तुझी आई आणि दोन बहिणी विकल्या गेल्या. तू इथेच राहा. लिव्हिंग्स्टननेही राहायचा आग्रह केला. अब्राहम नाही म्हणाला. जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे राहून काय करू, असं त्याचं उत्तर लिव्हिंग्स्टनने टिपून ठेवलं आहे. मोहिमेच्या रोजनिशीत ही नोंद दोन-चार ओळींची. अब्राहमने हे ऐकलं, आणि ओझं उचलून पुन्हा चालू लागला.

पुढे सरोवराकाठी विकातानीलाही भाऊ भेटला. त्याला लहानपणी विकणारा बाप तोवर मेला होता. विकातानी राहिला. दोघांपुढे एकच प्रश्न आला आणि दोघांनी वेगळं ठरवलं. आपल्या आयुष्याचं आपण ठरवायची संधी त्यांना पहिल्यांदा मिळाली असेल ती अशी, आणि म्हणून मला हे दोन प्रसंग नकाशावरच्या शोधांपेक्षा मोठे वाटतात.

१८७१ च्या जुलैत न्यांग्वेच्या बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी शेकडो माणसं, त्यात बहुसंख्य बायका, गोळ्या घालून मारल्या. लिव्हिंग्स्टनने ते डोळ्यांनी पाहिलं. त्याचं वर्णन लंडनला पोचलं आणि झांझिबारचा बाजार बंद करायला सरकार हललं. त्या कामगिरीवर पाठवलं कुणाला? मुंबईहून निवृत्त झालेल्या फ्रियरला. समोर सुलतान बारघाश होता. भावाविरुद्धचं बंड फसल्यावर त्याने काही काळ हद्दपारीत मुंबईतच काढला होता. फ्रियरला त्याने दाद दिली नाही. शेवटी बंदराची कोंडी करायची धमकी दिल्यावर ५ जून १८७३ रोजी वकील जॉन कर्कसमोर करार झाला आणि बाजार बंद पडला. ‘गुलामगिरी’च्या तारखेनंतर चार दिवसांनी.

लिव्हिंग्स्टनला हे कळायचं नव्हतं. १८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला बांग्वेउलू सरोवराच्या दलदलीजवळ, इलाला मुलखातल्या चितांबोच्या गावी तो मेला. पहाटे पाहिलं तेव्हा बिछान्यापाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत होता. त्याच्याजवळ एकही गोरा माणूस नव्हता. चुमा आणि त्याचा सोबती सुसी होते. १८६६ पासून टिकलेले नाशिकचे एडवर्ड गार्डनर आणि मब्रुकी होते. आदल्या वर्षी मदतीला आलेल्या तांड्यातले आणखी सहा नाशिककर होते. त्यांत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार.

त्यांनी बैठक घेतली. हे फार महत्त्वाचं आहे. मालक मेला, पैसे कुणाकडून मिळणार ते ठाऊक नाही, परक्या मुलखात प्रेत बाळगणं म्हणजे चेटकाचा आळ. तिथेच पुरून निघून गेले असते तर जगात कुणी दोष दिला नसता. त्यांनी ठरवलं की प्रेत समुद्रापर्यंत न्यायचं आणि सामानातली काडीही हरवू द्यायची नाही. वेनराइटने पेट्या उघडून सगळ्या वस्तूंची यादी लिहून काढली. फरार आणि फरिजाला यांनी प्रेत उघडलं. काळीज आणि आतडी पत्र्याच्या डब्यात घालून एका मोठ्या झाडाखाली पुरली, वेनराइटने प्रार्थना वाचली आणि खोडावर अक्षरं कोरली. मग शरीरात मीठ भरून पंधरवडाभर उन्हात वाळवलं, कापडात गुंडाळलं, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातलं, वरून शिडाचं कापड शिवलं आणि डांबर फासलं.

नऊ महिने ते चालले. हजार मैलांहून अधिक. उन्यान्येंबे इथे लेफ्टनंट कॅमेरॉनची मोहीम भेटली. कॅमेरॉनने सुचवलं, इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. पुढे कासेकेरा गावच्या लोकांनी प्रेत नेऊ द्यायला साफ नकार दिला. तेव्हा या मंडळींनी ज्वारीची ताटं बांधून, कापड गुंडाळून एक खोटं प्रेत तयार केलं आणि ते परत उन्यान्येंबेला पुरायला नेतो म्हणून काही जण गाजावाजा करत मागे निघाले. खरं प्रेत सालीतून काढून असं बांधलं की कापडाची गासडी वाटावी. मार्केट यार्डातला हमाल पोत्याला हात लावल्यावर सांगतो आत काय आणि बांधणी कशी आहे; ओझ्याची तशी जाण असलेल्या माणसांनाच हे सुचतं. गेलेले रानात ताटं फेकून रात्रीतून परतले. गासडी पुढे गेली.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला लागले. ब्रिटिश वकिलातीने पेटी ताब्यात घेतली, मजुरी चुकती केली आणि त्यांना मोकळं केलं. एकट्या वेनराइटचं भाडं मिशनने भरलं म्हणून तो प्रेताबरोबर गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये खांदेकऱ्यांत उभा राहिला. लहानपणी विकला गेलेला, नाशिकला शिकलेला पोरगा राजेरजवाड्यांच्या थडग्यांमधून शवपेटीसोबत चालला. चुमा-सुसी लिव्हिंग्स्टनच्या एका मित्राच्या खर्चाने नंतर पोचले, तोवर अंत्यविधी उरकला होता. रोजनिशी छापताना वाटा, नद्या, माणसं कुठली ते त्यांनीच सांगितलं. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने तांड्यासाठी पदकं पाडली आणि त्यांवर अखेरपर्यंतच्या निष्ठेचा गौरव कोरला. पदकं आली तोवर माणसं पांगली होती. कित्येकांना ती मिळालीच नाहीत.

या माणसांची गोष्ट सांगणारे बहुतेक इथे थांबतात. निष्ठावान सेवक, साहेबाचं प्रेत, पदक. माझं म्हणणं आहे की त्यांचं खरं काम याच्या आधीच सुरू झालं होतं आणि नंतर चालू राहिलं, आणि त्यात साहेब नव्हता.

१८६४ मध्येच नाशिकहून विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर ही माणसं मोंबासाजवळच्या राबाईच्या डोंगरावर गेली होती. तिथे मिशनरी रेबमान जवळजवळ एकटे होते. बाजार बंद झाल्यावर आरमाराने सोडवलेल्यांना आफ्रिकेतच वसवायचं ठरलं, म्हणून प्राइस १८७४ मध्ये मोंबासाला गेले आणि समोरच्या किनाऱ्यावर वसाहत उभी केली. तिचं नाव फ्रियर टाउन. गुलामांचे व्यापारी आले तर इशारा द्यायला तिथे घंटा बसवली. त्या जागेला अजून केंगेलेनी, घंटेपाशी, म्हणतात. ही वसाहत चालवायला माणसं कुठून आणली? शरणपूरहून. सुमारे दीडशे मुंबईकर आफ्रिकन पुन्हा समुद्र ओलांडून गेले: शिक्षक, सुतार, लोहार, उपदेशक. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. ते तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांशी पगारावरून, वागणुकीवरून भांडले. शिकलेली माणसं गप्प बसत नाहीत, याचा मिशनला राग यायचा.

आणि मग डोंगरावर एकेक माणूस येऊ लागला. आरमाराने सोडवलेला नव्हे, मोंबासा-मालिंदीच्या मळ्यांवरून रातोरात पळालेला. स्वाहिलीत अशांना ‘वाटोरो’ म्हणत. समुद्रावरचा व्यापार बंद झाला होता. जमिनीवरची गुलामी सुलतानाच्या कायद्याने चालूच होती. म्हणजे पळून आलेला माणूस कायद्याने मालकाचाच. ब्रिटिश वकील बजावत होते की सुलतानाच्या प्रजेचे गुलाम ठेवून घेऊ नका, लंडनच्या मुख्य कचेरीचंही तेच म्हणणं होतं. १८८० मध्ये किनाऱ्यावरचे मालक फ्रियर टाउन लुटायच्या गोष्टी बोलू लागले. पळालेल्यांनी आत फुलादोयोला स्वतःचं गाव वसवलं होतं. ते १८८३ मध्ये उद्ध्वस्त झालं आणि उरलेले राबाईकडे सरकले.

राबाईचा कारभार तेव्हा जोन्सच्या हाती होता. १८५० च्या कायद्याने अमेरिकेतल्या प्रत्येक आसरा देणाऱ्यापुढे टाकलेला पेच त्याच्यापुढे होता. फरक एवढा की जोन्स स्वतः विकला गेलेला माणूस होता. आलेल्याला परत पाठव, हा हुकूम त्याने पाळला नाही. वस्ती वाढत गेली. नवे आलेले जुन्यांच्या घरांत, शेतांत मिसळून गेले. कोण कुठून आलं हे विचारायची रीत नव्हती. १८८५ मध्ये त्याला आणि सेम्लरला बिशप हॅनिंग्टनने धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर निघाला तो जोन्सला बरोबर घेऊन. पुढे बुसोगात तो मारला गेला. मागे ठेवलेला तांडा जोन्सने शेकडो मैल चालवत राबाईला सुखरूप आणला. चितांबोसारखीच ही गोष्ट, पण हिच्यावर पुस्तकं लिहिली गेली नाहीत.

१८८८ मध्ये ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा जॉर्ज मॅकेंझी मोंबासात आला आणि मालकांनी आपले गुलाम मागितले. मिशनच्या वस्त्यांत शिरगणती झाली तेव्हा गोऱ्या मंडळींना धक्का बसला. राबाई आणि आसपासच्या वस्त्यांत मिळून पळालेली माणसं चौदाशेच्या वर निघाली. एवढ्यांना परत पाठवणं कुणालाच जमणार नव्हतं. त्यांनी ते होऊही दिलं नसतं. शेवटी मालकांना भरपाई देऊन प्रकरण मिटवलं. १ जानेवारी १८८९ रोजी राबाईत नावं पुकारून एकेकाला मुक्ततेचं पत्र दिलं गेलं. टबमनने सत्तर जण नेले, तेही जिवावर उदार होऊन, आणि त्या धैर्याला तोड नाही. राबाईच्या डोंगरावर एवढी माणसं वर्षानुवर्षं टिकून राहिली, त्यामागे शरणपूरला शिकलेल्या मूठभरांचा हुकूम न पाळण्याचा हट्ट होता.

किनाऱ्यावरची गुलामी कायद्याने संपली ती त्यानंतर अठरा वर्षांनी, १९०७ मध्ये. चुमा १८८२ मध्ये झांझिबारला वारला, सुसी १८९१ मध्ये, वेनराइट पुढच्याच वर्षी टांगानिकाच्या वाटेवर उरांबोला. चेंग्विंबे, म्हणजे मॅथ्यू वेलिंग्टन, मोंबासात १९३५ पर्यंत जगला, आणि चितांबोहून निघालेल्या वाटेबद्दल विचारायला येणाऱ्यांना तो स्वतः सांगत असे.